डंप कुणाचा?



माळेगावकरांनो, तुमच्या गावात साखर कारखाना आहे, तेव्हा टाकाऊ मालाचं गणित मी तुम्हाला शिकवायला नको. बगॅस बॉयलरला, मळी डिस्टिलरीला, प्रेसमड शेतात. प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. खाणीचं तसं नाही. गोव्यात एक टन लोहखनिज काढायचं तर अडीच-तीन टन दगडमाती वर येते. तिचा ढीग म्हणजे डंप.

तो ठेवायचा कसा, याचे नियम जुने आणि शहाणे आहेत. वरची सुपीक माती वेगळी राखा, पुढे तीच पसरा. ज्या जागेखाली खनिज नाही आणि पाणी झिरपत नाही, तिथेच कचरा टाका. जमेल तिथे खोदलेला खड्डाच त्याने भरा, नाहीतर टप्पे पाडून झाडं लावा.

पण गोव्यातले खाणपट्टे मूळचे पोर्तुगीज अमदानीतले, जेमतेम शंभर हेक्टरांपर्यंतचे होते. तळाशी खनिज दिसतंय तोवर खड्डा बुजवणार कोण? डंप पट्ट्याबाहेर गेले, उतारांवर चढले. तिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. आपल्याकडे पाचशे झाला तर आपण पेढे वाटतो! लाल चिखल थेट भातशेतात उतरायचा. शेतकऱ्याच्या हाती नुकसानभरपाई पडायची आणि शेत पडीक राहायचं. माझ्या मते त्या भरपाईनेच जास्त घात केला. पैसे मिळतात म्हणून ओरड नाही, ओरड नाही म्हणून डंपाला बांध नाही.

पुढे चीनला डंपातलं हलक्या प्रतीचं खनिजही चालू लागलं आणि बेवारस डंपाला एकदम मालक फुटले. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि पट्ट्याबाहेर डंप टाकता येणार नाही असंही बजावलं. चर्चा झाली ती दोन कोटींची. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तुझा कचरा तुझ्या बांधाच्या आत! बांधावरून डोकी फुटतात त्या मुलखात हे समजावून सांगावं लागत नाही.

आता आपलं बघू. इथे लोखंड नाही, पण मुरूम आहे, खडी आहे. पूर्वी मोठी खाण पाच-पाच हेक्टरांखालच्या तुकड्यांत दाखवली की पर्यावरण मंजुरी चुकवता यायची. दीपक कुमार खटल्यात, २७ फेब्रुवारी २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बुजवली. तरी आपली चौकशी कुठवर? किती ब्रास निघाला आणि रॉयल्टी भरली का, इथवरच. वरची हातभर माती गेली कुठे, हे विचारणारा विरळा. खदान बंद पडते, कपारीखाली पाणी साचतं, पोरं पोहायला जातात.

एक तरतूद मात्र तुमच्या हातातली आहे. पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि ती तीस दिवस लावून ठेवायची असते. मातीच्या, ढिगाच्या अटी त्याच पत्रात असतात. शिवारात खदान असेल तर ग्रामसभेत ते पत्र मागा, आणि वाचून झालं की खदानीवर जाऊन एकेक अट ताडून बघा.