बरा झालेला माणूस राहील कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. कुरडयांविषयी बोल म्हणाल तर तासभर बोलेन. आजचा विषय मात्र आमच्या घरातला आहे. धाकट्या दिरांना विचारूनच तो घेतला. ते म्हणाले, "वहिनी, खुशाल सांगा."

भावजींना दारूचे व्यसन होते. नोकरी गेली, जाऊबाई लेकरे घेऊन माहेरी गेल्या. ते सारे तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलेच आहे. शेवटी त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. महिन्याने माणूस तुकतुकीत होऊन आला. मी पुरणपोळी केली. चौथ्या दिवशी दूध आणायला म्हणून गेले, ते रात्री दोघांनी धरून आणले. दुकान तेच, सोबती तेच, रिकामी खोली तीच! तापातून उठलेल्या माणसाला आपण आठ दिवस पेज देतो. यांना मी काय दिले? नको नको ते बोलले.

दुसऱ्या खेपेस केंद्रातल्या बाईंनी त्यांना घरी न पाठवता गावाच्या टोकाला दोन खोल्यांत ठेवले. पाचही जण व्यसनातून उठलेले. दिवसा काम, भाडे वाटून, स्वयंपाक पाळीने. रात्री एकत्र बसून मनातले बोलायचे. जो प्याला, त्याने पुन्हा केंद्रात जायचे. भावजी फोनवर विचारीत, "वहिनी, पाच माणसांच्या आमटीला मीठ किती?" जन्मात ज्यांनी पाण्याचा तांब्या भरला नाही, ते हो!

दहा महिन्यांनी ते घरी आले. त्याला तीन वर्षे झाली, थेंब नाही. पण पुढच्याच महिन्यात घरमालकाला कळले की भाडेकरू पूर्वीचे दारुडे, आणि त्याने खोल्या रिकाम्या करून घेतल्या. उरलेल्या चौघांपैकी दोघे पुन्हा पिऊ लागले. त्यातला एक आता नाही.

माझ्या मुलीने मला वाचून दाखवले. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १९७५ साली अशाच काही माणसांनी मिळून घर भाड्याने घेतले. त्याचे नाव ऑक्सफर्ड हाउस. कारभार मतांनी, खर्च आपापला, पिणाऱ्यास घर बंद. पुढे १९८८ साली तिथल्या सरकारने कायदा करून अशा नव्या घरांना चार हजार डॉलरपर्यंत उसने देण्याची सोय केली. दान नव्हे, कर्ज. दोन वर्षांत फेडायचे. अनामत आणि पहिले भाडे भरायला पैसा नसतो, तिथेच तर सारे अडते.

आपल्याकडेही २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. दारू व मादक पदार्थांनी होणारे मनाचे आजार त्यात धरले आहेत. त्याच्या १९ व्या कलमात म्हटले आहे की, ज्यांना रुग्णालयात राहण्याची गरज उरली नाही त्यांच्यासाठी सरकारने अशी मधल्या मुक्कामाची घरे काढावीत किंवा काढणाऱ्यांस साह्य द्यावे. कागदावर आहे, बायांनो. आणि २०१९ साली सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दारूपायी मदतीची गरज असलेली माणसे साडेपाच कोटींहून अधिक निघाली!

मात्र घर म्हणजे कोंडवाडा नको. कुलूप लावून मारझोड करणारी ठिकाणेही असतात. नोंदणी हवी, जबाबदार माणूस हवा, तपासणी हवी, आणि आतल्या माणसाला मोकळेपणी घरी फोन करता आला पाहिजे.

आता खरे सांगते. आपल्या आळीतले कोपऱ्यावरचे घर अशाच सहा जणांसाठी कोणी मागते आहे, आणि ते देऊ नये म्हणून सह्यांचा कागद फिरतो आहे. माझ्या दारी आला तेव्हा मी सही केली नाही, पण तोंडही उघडले नाही. चहा करून पाठवणी केली. त्याची लाज वाटते. आपल्याला मुली आहेत, भीती वाटणारच. मलाही वाटली असती. म्हणून त्या माणसांना आधी मंडळात बोलवू, काय विचारायचे ते तोंडावर विचारू.

समाजकल्याण खात्यास द्यायचा अर्ज मुलीने लिहून दिला आहे. तो चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवला आहे. आधी वाचा, मग पटले तर सही करा. पेन बांधूनच ठेवले आहे, मागच्या वर्षी दोन गेली.