अस्वस्थतेचे पुढे काय?

(ठाणे येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

चित्रपट, वर्तमानपत्र आणि समाजसेवा असा तिपेडी विषय या अभ्यासवर्गासाठी ठेवण्यात आला आहे. वरवर पाहता या तिन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पहिली करमणूक, दुसरी सवय आणि तिसरे सुट्टीच्या दिवसाचे सत्कार्य. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील विशी-बाविशीचा एखादा तरुण डोळ्यांपुढे आणला, तर या तिन्ही गोष्टी एकाच मनात उतरतात आणि तिथे एकच प्रश्न उभा करतात. जे पाहिले, जे वाचले, त्याचे आता करायचे काय?

हा तरुण म्हणजे कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने रोज ठाण्याला येणारा, घरी बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी, वाचनाची आवड असलेला आणि मनाने सरळ असा तो कोणीही असू शकेल. त्याच्या आईवडिलांनी ठाण्याच्या वंदना, मल्हार अशा टॉकीजबाहेर रांगा लावून तिकिटे काढली. तो मॉलमधल्या पडद्यावर चित्रपट पाहतो, नाहीतर हातातल्या मोबाइलवर. साधन बदलले. परंतु अंधारात बसून दुसऱ्याचे दुःख आपलेसे करण्याची माणसाची शक्ती बदललेली नाही. ही शक्ती लहान समजू नये. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाने १९५३ साली हजारो घरांतील डोळे ओले केले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मराठीला मिळवून दिले.

त्यानंतर सहा दशकांनी तोच सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान आणखी एका मराठी चित्रपटाला मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा तो चित्रपट. २०१५ साली तो सर्वत्र प्रदर्शित झाला. आपल्या गाण्याने एका गटारकामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून एका वृद्ध लोकशाहिराला अटक होते आणि खटला तारखांमागून तारखा रेंगाळतो. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. या चित्रपटात मृत कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहते. तिचा आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. नवरा मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी आत खडा टाकून पाहत असे, असे ती सांगते. झुरळे बाहेर आली, तर आत हवा आहे असे समजायचे आणि उतरायचे. सुरक्षेचे दुसरे साधन त्याच्याजवळ नव्हते.

आपला तरुण हा चित्रपट पाहून उठतो तेव्हा तो खडा त्याच्या मनात टोचत राहतो. चित्रपटाने आपले काम केलेले असते.

मग वर्तमानपत्र येते. पडद्यावरची गोष्ट मुंबईची होती, बातमी मात्र घराजवळची असते. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेतील चक्कीनाका भागात एका विहिरीत पाच माणसे मरण पावली. विहीर साफ करण्यासाठी एक कामगार उतरला, तो वर आला नाही. त्याला काढण्यासाठी दोघे उतरले, तेही आले नाहीत. मग अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले आणि त्यांचेही मृतदेहच वर काढावे लागले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या मे महिन्यात, ठाण्याच्या ढोकाळी भागात एका गृहसंकुलातील मैलापाणी शुद्धीकरणाच्या टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून गेले.

कल्याणच्या त्या पाच मृत्यूंपैकी चार दुसऱ्याला वाचवू पाहणाऱ्यांचे होते, हे विसरता येत नाही. त्यांच्या धैर्यात आणि माणुसकीत काडीचीही उणीव नव्हती. परंतु विहिरीतील वायूला माणुसकी कळत नाही. गटारात, बंद टाकीत आणि सांडपाण्याने नासलेल्या विहिरीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा आणखी एक गुण तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे. थोड्या प्रमाणात असताना त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की माणसाचे नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, आता घाण कमी झाली. प्रत्यक्षात तोच क्षण सर्वांत घातक असतो.

बातम्यांचेही नेमके असेच होते. पहिली बातमी वाचली की तरुणाला रात्री झोप लागत नाही. दुसरीला तो मित्रांशी वाद घालतो. दहाव्या बातमीला तो मोबाइलवर अंगठा फिरवतो आणि पुढे जातो. त्याला वाटते, मन आता खंबीर झाले. ते खंबीर झालेले नसते, बधिर झालेले असते. ज्या समाजाला वास येईनासा होतो, त्या समाजात वायू कमी झालेला नसतो.

या बधिरतेपासून पळ काढण्यासाठी आपला तरुण सेवेकडे वळतो, हे त्याला भूषणावहच आहे. दर रविवारी तो एखाद्या संस्थेबरोबर ठाण्याच्या वस्तीत जातो. मुलांना गणित शिकवतो, जूनमध्ये वह्या वाटतो, थंडीत चादरी नेतो. संध्याकाळी घरी परतताना त्याला हलके वाटते. या हलकेपणाची टिंगल करणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. क्रांतीची वाट पाहत स्वतः एकही वही न वाटणाऱ्यांना ही टिंगल शोभत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेत हातात झाडू आणि घमेले घेणे हीच पहिली दीक्षा मानली गेली. सेवेत उतरल्यावाचून वस्ती कळत नाही.

पण एका रविवारी त्याच्या लक्षात एक गोष्ट येते. ज्या मुलाला तो अपूर्णांक शिकवतो, त्याचा बाप टाक्या उपसण्याच्या कामाला जातो. तो बाप ज्या इमारतींत जातो, त्या या तरुणाच्या इमारतीसारख्याच आहेत. त्याच्या सोसायटीची टाकी भरली की सेक्रेटरी कंत्राटदाराला फोन करतात, कंत्राटदार माणसे धाडतो, काम उरकते आणि हिशेबाच्या वहीत एक रक्कम चढते. ती माणसे आत उतरली की नाही, त्यांच्या तोंडावर काही होते की नाही, हे त्या वहीत लिहिलेले नसते. म्हणजे तो रविवारी ज्याच्या मुलाला वही देतो, त्यालाच सोमवारी त्याची सोसायटी खड्ड्यात उतरवीत असू शकते. इथे तरुणाच्या मनातला हलकेपणा संपतो, आणि इथूनच खऱ्या विचाराला प्रारंभ होतो.

दयेत दोष नाही. पण दया दुःखाकडे पाहते, दुःख देणाऱ्या व्यवस्थेकडे सहसा पाहत नाही. शिवाय दयेत देणारा आणि घेणारा अशी पायरी कायम राहते. आणि या देशात ती पायरी जातीच्या उतरंडीवर नेमकी बसते. गटारात उतरणारा कोणत्या समाजाचा आहे, हे विचारावे लागत नाही, आणि इथेच सगळे आले. पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले. आई गमावलेल्या श्यामचे अश्रू आणि हे उपोषण यांत अंतर नाही. गुरुजींच्या करुणेने हक्काची मागणी केली, म्हणून ती मोठी ठरली.

हमालांचे उदाहरण घ्यावे. पाठीवर पोते घेऊन वाकलेल्या माणसाची दया येणारे पूर्वीही होते. त्या दयेने त्याला कधी पाणी मिळाले, कधी जुना सदरा मिळाला. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांची संघटना बांधली, तेव्हा त्याला नाव मिळाले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरीची व भविष्य निर्वाह निधीची हमी मिळाली. सदरा फाटतो, कायदा सहजासहजी फाटत नाही.

गटारात उतरणाऱ्यांसाठी कायदा नाही असे नव्हे. पहिला १९९३ साली झाला. दुसरा, अधिक व्यापक, २०१३ साली झाला आणि त्या वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. सुरक्षिततेच्या साधनांवाचून कोणालाही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाखांवर नेली. काम खासगी सोसायटीचे होते म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत, हेही मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये स्पष्ट केले. गोवंडीच्या एका सोसायटीत २०१९ च्या डिसेंबरमध्ये मृत्यू पावलेल्या तीन कामगारांच्या विधवांनी तो दावा लढवला होता. न्याय मागायला चित्रपटातली पत्नी नव्हे, खऱ्या तीन स्त्रिया उभ्या राहिल्या, ही बातमी आपल्या तरुणाने किती वेळा वाचली? मृत्यूची बातमी पहिल्या पानावर येते, हक्काची बातमी आतल्या पानात कोपऱ्यात जाते.

कायदा आहे आणि माणसे मरत आहेत. या दोहोंमधल्या जागेतच स्वयंसेवकाचे काम आहे, आणि ते वह्या वाटण्याइतकेच साधे आहे. स्वतःच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत उठून विचारावे, की टाकी यंत्राने उपसली जाते की माणूस उतरतो? कंत्राटात तसे लिहिले आहे का? महापालिकेला माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे, की यंत्रे किती आहेत आणि गेल्या वर्षी किती गुन्हे नोंदले गेले? एखाद्या घरात असा मृत्यू झाला, तर फिर्यादीची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला गोळा करताना त्या विधवेबरोबर कचेरीच्या बाकावर बसावे. हे काम छायाचित्रात शोभत नाही. ते एका रविवारी संपतही नाही.

यात अडचणी नाहीत असे मानणे भाबडेपणाचे होईल. सभेत प्रश्न विचारणाऱ्याला शेजारी तिरकस बोलतात, देखभालखर्च वाढेल म्हणून कुरकुरतात. त्याहून अवघड प्रश्न वस्तीतून येतो. “आमचे काम बंद केलेत, तर संध्याकाळी खायचे काय?” असे तो बापच विचारतो. या प्रश्नाला पुस्तकी उत्तर चालणार नाही. पुनर्वसन, मुलांचे शिक्षण, यंत्र चालवण्याच्या कामावर त्याच माणसांचा पहिला हक्क, या मागण्या बंदीबरोबरच करायला हव्यात. पर्यायी भाकरी न देता केलेली बंदी म्हणजे दयेचाच दुसरा, अधिक कठोर अवतार होय.

मग चित्रपटाचे काय? कार्यकर्त्याने तो पाहणे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. ‘सामना’ हा चित्रपट १९७५ सालचा. त्यात डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले एकमेकांसमोर ठाकले. हे दोघे पुढे ‘लग्नाची बेडी’च्या प्रयोगांसाठी रंगमंचावर एकत्र आले आणि त्या उत्पन्नातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. खेड्यापाड्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या निधीतून मानधन मिळू लागले. प्रेक्षकाने हसण्यासाठी तिकीट काढले आणि ते पैसे संघर्षाच्या चुलीपर्यंत पोहोचले. निधीच्या नावातला शब्दही ध्यानात घ्यावा. तिथे दान म्हटलेले नाही, कृतज्ञता म्हटले आहे. दान देणारा वर उभा असतो, कृतज्ञ माणूस आपण ऋणी आहोत हे जाणतो.

मित्रहो, शहराची घाण वाहून नेणाऱ्यांचे ठाणे, कल्याण, डोंबिवली ऋणी आहेत. ते ऋण चादरीने फिटणार नाही. आपल्या तरुणाला चित्रपटाने जागे केले, बातमीने अस्वस्थ केले, सेवेने वस्तीत नेले. या तिन्ही पायऱ्या आवश्यक होत्या, पण यांतील एकही शेवटची नाही. त्याची पुढची पायरी सोसायटीच्या सभेत आहे. टाकीत खडा टाकून झुरळांची वाट पाहण्याची पाळी ज्या माणसावर येते, त्याच्या वतीने या सभेत एक प्रश्न टाकून पाहावा आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नये.