मूत्रपिंडाचा वंशागत विकार
(कोरीट येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. आरोग्यावर बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. मी केवळ रोगी, आणि तोही गेल्या नऊ वर्षांचा. परंतु मला जो विकार आहे तोच माझ्या तीर्थरूपांना होता, आणि ‘पोटात गोळा आहे’ यापलीकडे घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नसे. म्हणून विषय मीच आकुंचित करून घेतो.

या विकारास पॉलिसिस्टिक किडनी असे म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या पुटी उत्पन्न होतात, वर्षानुवर्षे वाढतात आणि भोवतालचा निरोगी भाग निकामी करतात. आई किंवा बाप यांपैकी एकास हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. मुलगा व मुलगी हा भेद तो मानीत नाही. तो भेद आपण मानतो. पुष्कळांची मूत्रपिंडे पन्नाशी-साठीच्या सुमारास थकतात. तोवर रक्तदाब वाढण्यापलीकडे कित्येकांस काही जाणवतही नाही.

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. त्याची गती मंदावणारे मात्र आहे. त्याचे नाव टॉल्व्हॅप्टन. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १४४५ रोग्यांवर तीन वर्षे त्याचा प्रयोग झाला. औषध न घेणाऱ्यांची मूत्रपिंडे वर्षास सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढली, घेणाऱ्यांची पावणेतीन टक्क्यांनी. लाभ एवढाच, पण पन्नाशीच्या माणसास हा लाभ थोडा नव्हे!

हे औषध मोठे मानी आहे. पहिली मात्रा सकाळी उठताच, दुसरी आठ तासांनी. शरीरात पाणी राखून धरणाऱ्या संप्रेरकास ते अडविते. सबब दिवसरात्र लघवी होते आणि पाण्याचा तांब्या हातचा सुटत नाही. कोरीटहून नंदुरबारला निघावयाचे तरी मी आधी वाटेतील सोय पाहतो. वैशाखात, आपल्याकडील उन्हात, शेतावर पाणी नसेल किंवा जुलाब-वांत्या लागतील, तर मात्रा थांबवून डॉक्टरांस कळवावे लागते. यकृतास अपाय होऊ शकतो म्हणून पहिले दीड वर्ष दरमहा, व पुढे तीन महिन्यांनी, रक्त तपासावे लागते. पपनसाच्या जातीची काही फळे या औषधाशी जुळत नाहीत. दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी तर मूत्रपिंडाच्या रोग्याने विचारल्यावाचून घेऊच नये. औषध महाग आहे. महिन्याचा साठा संपण्यापूर्वी दहा दिवस मागणी नोंदविण्याचा परिपाठ मी ठेवला आहे, कारण एका दुकानदाराने ‘उद्या येईल’ म्हणून मला आठवडाभर ताटकळत ठेविले होते.

मूत्रपिंडे थकली म्हणजे संसार आटोपला असेही नाही. लोकनायक जयप्रकाश नारायण यांस १९७५ साली बंदिवासातून सुटल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या चार वर्षांत, यंत्रावर राहूनच, त्यांनी १९७७ ची निवडणूक घडविली. आज डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट आहे; कागदपत्रे मात्र वेळीच सिद्ध ठेवावीत.

आता नाजूक गोष्ट. मूत्रपिंडदानाचा प्रसंग आला म्हणजे १९९४ च्या कायद्याप्रमाणे प्रथम जवळच्या नातलगांकडे पाहतात. आमच्यासारख्या घरी भाऊबहीणच रोगी निघण्याचा संभव असतो. मग पत्नीकडे दृष्टी वळते. (दान करणाऱ्यांत स्त्रियाच अधिक असतात, हे पुरुषमंडळींनी टिपून ठेवावे.) म्हणून घरातील प्रौढ माणसांची सोनोग्राफी व रक्तदाबाची तपासणी आधीच होणे इष्ट. ती का होत नाही, हे आपण सारे जाणतो. ‘मुलींची लग्ने अडतील’, हे त्याचे उत्तर. कुंडलीतील मंगळ आपण सांगतो आणि वडिलांचे डायलिसिस लपवितो, हा कसला व्यवहार? जी सून उद्या आपले मूत्रपिंड देऊ करील, तिच्या माहेरास आज सत्य कळू नये काय?

माझ्या ज्येष्ठ कन्येने स्वतःची तपासणी करून घेतली आहे. निकाल तिचा आहे, तो मी येथे सांगत नाही. गेल्या महिन्यात एक स्थळ आले, तेव्हा पहिल्याच बैठकीत, चहा येण्यापूर्वी, माझा विकार व तिचा निकाल तिने स्वतः पाहुण्यांस सांगितला. विचार करावयास त्यांनी पंधरवडा मागून घेतला आहे. तो परवा पुरा होतो.