कॅमशाफ्टची बेअरिंगे

मोटारीचे इंजिन बिघडले म्हणजे मालकाच्या तोंडी दोनचार नावे ठरलेली असतात : पिस्टन, क्लच, कार्ब्युरेटर, फार तर क्रँकशाफ्ट. कॅमशाफ्टच्या बेअरिंगांचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती डोळ्यांना दिसत नाहीत, झिजू लागली तरी प्रारंभी आवाज करीत नाहीत, आणि किमतीनेही किरकोळ असतात. तरीही जुन्या इंजिनाचे आणखी किती दिवस उरले आहेत, हे पुष्कळदा याच किरकोळ वस्तूवर अवलंबून असते. कोलकात्याच्या टॅक्सीचे उदाहरण घेतले म्हणजे हे चांगले ध्यानात येते.

कोलकात्याची टॅक्सी म्हणजे ॲम्बॅसडर. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेतील ओखा बंदरात निघाली आणि १९४८ मध्ये हुगळीकाठच्या उत्तरपाऱ्यास आली. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून तेथे १९५७ साली ॲम्बॅसडर तयार होऊ लागली. मुंबईकराच्या आयुष्यात कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटला, म्हणजे पुढच्या पद्मिनीला, जे स्थान होते, तेच बंगाल्यांच्या संसारात या गाडीला मिळाले. पहिल्या काही गाड्यांच्या इंजिनांत झडपा बाजूला असत. लवकरच १४८९ घनसेंटिमीटरचे, माथ्यावर झडपा असलेले इंजिन आले आणि पुढे त्याच घराण्यातले डिझेल इंजिनही निघाले. नंतरच्या जपानी धर्तीच्या इसुझू पेट्रोल इंजिनात कॅमशाफ्टच माथ्यावर चढला; त्याची कथा निराळी. मी येथे बोलतो आहे ते जुन्या इंजिनाविषयी.

या इंजिनात कॅमशाफ्ट ठोकळ्याच्या पोटात, क्रँकशाफ्टच्या जरा वर, आडवा निजलेला असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. त्यावरील आठ उंचवटे आठ झडपांना क्रमाने उघडण्याची आज्ञा देतात. टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर ही ती आज्ञा वर पोचविणारी माणसे. हा दांडा तीन बेअरिंगांत फिरतो. बेअरिंग म्हणजे येथे गोळ्यांचे कडे नव्हे, तर पोलादाची एक पातळ नळी, जिला आतून पांढऱ्या धातूचे अस्तर दिलेले असते. कथिल, अँटिमनी आणि तांबे यांच्या अशा मिश्रणाचा शोध अमेरिकेतील आयझॅक बॅबिट याने १८३९ साली लावला. हे अस्तर मुद्दाम मऊ ठेवतात. तेलातून वाळूचा कण आला, तर तो अस्तरात रुतून बसतो आणि मोलाच्या शाफ्टवर ओरखडा उमटत नाही. झिजायचे कोणी हे आरंभीच ठरलेले असते.

शाफ्ट आणि अस्तर यांत एक ते दोन हजारांश इंच एवढाच अवकाश ठेवलेला असतो. माणसाच्या केसाची जाडी सामान्यतः यापेक्षा अधिक भरते. या फटीत दाबाखाली आलेले तेल शाफ्टला जणू तरंगत ठेवते. फट रुंदावली की तेल कडेने सांडू लागते, आणि एका ठिकाणी सांडलेला दाब सगळ्या इंजिनात कमी होतो. शिवाय रॉकरांना जाणारे तेल यांपैकी एका बेअरिंगमधूनच वर चढते. म्हणून माथ्यावरची खडखड पुष्कळदा पोटातल्या झिजेमुळे असते. पेट्रोलच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरही याच शाफ्टवरून फिरतो, त्यामुळे ठिणगीची वेळही डळमळू लागते.

आता टॅक्सीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. वैशाखातील दुपार, हावडा पुलाच्या तोंडाशी अडकलेली रांग, इंजिन जागच्या जागी मंद गतीने चाललेले. उष्णतेने तेल पातळ झालेले, आणि पंपही याच शाफ्टवरून हळू फिरणारा. पावसाळ्यात ठणठणियाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते. त्यातून गाडी नेताना थोडेसे पाणी तेलात गेले तरी ते दुधासारखे पांढुरके होते आणि वंगण म्हणून त्याचा भरवसा उरत नाही. अशा वेळी तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो, किंवा लाल दिवा सिग्नलपाशी लुकलुकतो आणि गाडी पुढे निघाली की विझतो. चालकाला वाटते, दिवाच बिघडला असावा.

येथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट स्वस्त आहे : जाड तेल घालायचे, किंवा दाब नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या स्प्रिंगमागे एक चकती सरकवायची. काटा वर येतो आणि मालक संतुष्ट होतो. ही मला काट्याची समजूत घालणे वाटते. इंजिनाला त्याचा काही लाभ नाही. दुसरी वाट अधिक प्रामाणिक दिसते, पण फसवी आहे. खालचे तेलपात्र उतरवायचे आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बदलायची. ती दोन अर्ध्या तुकड्यांची असतात, खालून काढता येतात, आणि काम एका दिवसात आटोपते. दाब थोडा सुधारतो, काही महिन्यांनी पुन्हा ढासळतो. कारण स्पष्ट आहे. जे हाताला सहज लागते ते बदलले गेले. जे झिजले होते ते आत तसेच राहिले. कॅमशाफ्टचे बेअरिंग अखंड कडे आहे. ते दोन भागांत उघडत नाही, आणि त्याच्यासाठी सगळे इंजिन गाडीतून उतरवून मोकळे करावे लागते.

श्रोते हो, हे मोकळे करणे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. माथा काढायचा, पुशरॉड काढून ठेवायचे, टॅपेट काढून क्रमाने मांडून ठेवायचे. कारण जुना टॅपेट ज्या उंचवट्यावर घासला त्याच उंचवट्यावर परत गेला पाहिजे. मग डिस्ट्रिब्यूटरचा दांडा, तेलाचा पंप, पुढचे झाकण, साखळी, आणि अखेर शाफ्ट पुढच्या बाजूने ओढून घ्यायचा. तो पुढूनच निघावा म्हणून तीन बेअरिंगांचे व्यास पुढून मागे उतरत जातात. फ्लायव्हील आणि मागची पाटी काढल्यावर आटे पाडलेल्या दांड्याने जुनी कडी एकेक ओढून काढतात. हातोडीने ठोकून काढणारेही आहेत. त्यांच्या हातून ठोकळ्याचे भोक ओरबाडले गेले, तर पुढचा सारा खटाटोप व्यर्थ जातो.

नवे कडे बसविताना त्यातील तेलाचे भोक ठोकळ्यातील भोकाशी तंतोतंत जुळले पाहिजे. कडे किंचित तिरपे फिरले की तेलाची वाट बुजते आणि नवे बेअरिंग जुन्यापेक्षा लवकर मरते. कडे दाबून बसविल्यावर थोडे आकसते, म्हणून ते जागेवरच रीमरने कापून मापात आणावे लागते. कौशल्याचा खरा भाग हाच. तीन कडी निरनिराळी कापली तर प्रत्येकाचे माप बरोबर येते, पण तिघांचा मध्य एका रेषेत येतोच असे नाही. म्हणून रीमरचा दांडा शेजारच्या भोकात टेकवून, त्याला तेथून दिशा देऊन कापतात. शेवटी तेल लावलेला शाफ्ट आत सरकवायचा आणि बोटांनी फिरवून पाहायचा. तो अडला, तर कोठे अडला हे अस्तरावरील चकाकत्या खुणेवरून कळते, आणि तेवढाच भाग हलक्या हाताने खरवडतात. त्यानंतर प्रत्येक तेलवाहिनी धुऊन, हवेने फुंकून काढायची. राहिलेला एक कीस केलेले सगळे काम नासवतो.

या कामात भागांची किंमत थोडी आणि मजुरी फार, म्हणून मालकापुढे नेहमी एकच प्रश्न उभा राहतो : एवढा खर्च ही गाडी फेडील काय? २००८ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनांना महानगराच्या क्षेत्रातून दूर करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून हा प्रश्न कठीण झाला. बारा वर्षांच्या टॅक्सीचे इंजिन पूर्ण उघडायचे, तर तीन वर्षांची कमाई डोळ्यांपुढे ठेवून हिशेब करावा लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीला स्प्रिंगमागची चकती घालणाऱ्या चालकाला मी दोष देऊ शकत नाही. त्याला इंजिन वाचवायचे नसते, मुदत गाठायची असते. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाऱ्याचे उत्पादन थांबले. म्हणजे अगदी अखेरच्या टॅक्सीचीही पंधरा वर्षे २०२९ मध्ये भरतात.

खाजगी गाडी सांभाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यापाशी वेळ असतो, आणि जुन्या मोटारींच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला मल्लिक बाजार शहरातच आहे. मोडीत निघालेल्या गाडीचा कॅमशाफ्ट तेथे हाती लागला, तर तो नुसता चकचकीत दिसतो म्हणून घेऊ नये. त्याच्या तिन्ही बैठकी मायक्रोमीटरने मोजाव्यात, प्रत्येक बैठक दोन दिशांनी मोजावी, आणि ती माप लिहून ठेवल्यावरच नव्या कड्यांना रीमर लावावा.