रबर न लावता बंद होणारा बॉक्स

(या भागातल्या बोलण्याचं शब्दांकन. अडखळलेले शब्द आणि मधले खोकले काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा गडी सॉफ्टवेअरचं बोलायचं सोडून पुठ्ठ्याच्या बॉक्सवर काय बोलतोय. थांबा, पाच मिनिटं द्या. गेल्या वर्षभरात मला माझ्या कामाबद्दल जे काही शिकायला मिळालं, त्यातलं बरंचसं एका मेतकुटाच्या बॉक्सनं शिकवलं. आणि ते फुकट शिकवलं नाही. पैसे माझ्या आत्याचे गेले.

तर झालं असं. आत्या चिपळूणला असते. भाजणी, मेतकूट, कुळीथ पीठ असं घरी करून विकते. आधी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत द्यायची. मग गिऱ्हाईक वाढलं, पुण्या-मुंबईला माल जायला लागला, तेव्हा म्हणाली, "अरे, तू इंजिनियर ना? मला एक चांगला बॉक्स करून दे. वरचं झाकण उघडलं की मागे लटकलं पाहिजे आणि परत बंद झालं पाहिजे. लोक पिशवीला गाठी मारून मारून वैतागतात."

मी म्हटलं, त्यात काय. इंटरनेटवरून एक तयार आराखडा घेतला, मापं बदलली, थ्रीडी चित्र केलं. स्क्रीनवर झाकण काय सुंदर उघडत होतं! मागच्या बाजूला बिजागरीसारखी घडी, पुढे आत खोचायची जीभ. प्रेसवाल्या काकांना फाइल पाठवली. हजार बॉक्स छापून आले.

जुलैमध्ये आत्याचा फोन आला. "बाळा, तुझ्या बॉक्सला लोक रबर लावतायत."

एका गिऱ्हाईकानं फोटो पाठवला होता. झाकण अर्धवट वर आलेलं, त्यावर लाल रबरबँड. आणि आत मेतकुटाचे गोळे. पावसाळ्यात मेतकुटाचे गोळे झाले की ते संपलं, तुम्हाला माहितीये. आत्यानं त्या बॉक्ससाठी पोस्टातली आरडी मोडली होती. फोनवर ती एक शब्दही रागावून बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग मी सुट्टी काढली आणि प्रेसमध्ये जाऊन बसलो. तिथे जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे घडी. आपल्याला वाटतं पुठ्ठा दुमडला की झाली घडी. तसं नसतं. डायमध्ये कापायची पाती असतात, आणि घडी पाडायच्या बोथट पट्ट्या असतात. ही बोथट पट्टी पुठ्ठ्याला खालच्या एका बारीक खाचेत दाबते. त्या दाबानं पुठ्ठ्याच्या आतले थर मुद्दाम एकमेकांपासून सुटे केले जातात. मग दुमडताना ते थर आतल्या बाजूला फुगतात आणि बाहेरचा छापील भाग न फाटता वळतो. म्हणजे चांगली घडी ही नीट मोजून केलेली मोडतोड आहे. खाचेची रुंदी काढायला प्रेसमध्ये एक अंदाज वापरतात : पुठ्ठ्याच्या जाडीची दीडपट, अधिक पट्टीची जाडी. आमचा पुठ्ठा 0.45 मिलिमीटर, पट्टी 0.7 मिलिमीटर, म्हणजे खाच साधारण 1.4 मिलिमीटर. खाच अरुंद झाली तर घडीवर छपाई तडकते, रुंद झाली तर घडी कुठे पडेल याचा भरवसा नाही.

हे कापणं आणि घडी पाडणं एका दाबात करायची कल्पना अमेरिकेतल्या ब्रुकलिनची. रॉबर्ट गेर नावाचा कागदी पिशव्यांचा कारखानदार होता. गोष्ट अशी सांगतात की 1879 मध्ये छापताना एक धातूची पट्टी वर सरकली आणि घडी पाडायच्या ऐवजी तिनं पिशव्या कापल्याच. माल वाया गेला, पण त्याला सुचलं की कापणं आणि घडी दोन्ही एकदमच होऊ शकतं. एका माणसाचा वाया गेलेला माल आणि त्यातून एवढा मोठा धंदा. माझ्या वाया गेलेल्या मालातून काय निघालं ते आता ऐका.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी मेख : ग्रेन. पुठ्ठा बनताना त्यातले तंतू मशीनच्या दिशेनं आडवे पडतात. त्यामुळे पुठ्ठा एका दिशेनं ताठ असतो, दुसऱ्या दिशेनं लवचीक. घरी करून बघा, कुठलाही जुना पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या, दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, लगेच कळेल. ग्रेनच्या दिशेला समांतर घडी घातली तर ती निमूटपणे बसते. ग्रेनला आडवी घातली तर तंतू स्प्रिंगसारखे परत सरळ व्हायला बघतात.

उभ्या बॉक्समध्ये ग्रेन सहसा बॉक्सच्या भोवती, म्हणजे आडवी फिरवतात. त्याचे दोन फायदे. एक, आतल्या मालाच्या दाबानं पुढचा भाग फुगत नाही. दोन, वरच्या झाकणाची बिजागरी ग्रेनला समांतर येते, म्हणजे झाकण उसळत नाही.

आमच्या बॉक्समध्ये ग्रेन उभी होती. का? कारण काकांनी मला फोनवर विचारलं होतं, "साहेब, एका शीटमध्ये आठ बसतात. फिरवून लावले तर दहा बसतील. काय करू?" आणि मी म्हटलं होतं, "दहा करा की." मला वाटलं पैसे वाचले! त्या एका "करा की"नं झाकण उसळायला लागलं, पुढचा भाग पिशवीच्या दाबानं फुगला, आणि जीभ ज्या घर्षणावर टिकते ते घर्षणच गेलं. चूक प्रेसची नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मला प्रश्नच कळला नव्हता.

वर मी हौसेनं मॅट लॅमिनेशन करून घेतलं होतं. आता पुठ्ठा हवेतलं पाणी पितो. एका बाजूला प्लास्टिकची फिल्म, दुसरी बाजू उघडी. उघडी बाजू चिपळूणच्या जुलैत ओलावा घेऊन पसरते, फिल्मची बाजू पसरत नाही. मग पुठ्ठा वाकतो. झाकणाच्या कडा वर आल्या त्या अशा.

आपल्या धंद्यात एक विनोद आहे ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय." मी नमुना तपासला तो हिंजवडीत एसीत बसून. वापरणार होते कोकणात, भर पावसात, ओट्याजवळ, ओल्या हातांनी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मी बॉक्सच्या दोनच अवस्था धरल्या होत्या : बंद आणि उघडा. पण तो खरं तर तीन अवस्थांमध्ये जगतो. कारखान्यातून आलेला बंद, उघडलेला, आणि परत बंद केलेला. त्यातली तिसरी अवस्था सगळ्यात लांब चालते. 200 ग्रॅम मेतकूट, रोज एक चमचा, चमच्याला 5 ग्रॅम धरले तरी बॉक्स चाळीस वेळा उघडतो. मी एकदा उघडून बघितला होता.

मग नव्यानं काय केलं?

ग्रेन सरळ केली. शीटमध्ये आठच. दर बॉक्सला थोडे पैसे वाढले, ते सोसले.

लॅमिनेशन काढलं, पाण्यावर चालणारं वॉर्निश घेतलं.

झाकणाला फक्त घर्षणावर सोडलं नाही. झाकण आणि त्याची जीभ यांच्यामधल्या घडीला दोन्ही टोकांना पाच-सहा मिलिमीटरचे छेद दिले. झाकणाखाली बाजूंनी जे दोन कान आत दुमडतात, त्यांना छोटे खांदे ठेवले. झाकण बंद केलं की ते खांदे या छेदांत अडकतात आणि "टक्" असा बारीक आवाज येतो. प्रेसमध्ये ही रचना नवीन नाही, औषधांच्या बॉक्सवर तुम्ही हजारदा पाहिली असेल. पण पकड फार घट्ट केली तर माणूस ओढून फाडतो, सैल केली तर रबर आलंच. आम्ही चार नमुने कापून बघितले तेव्हा जमलं. उघडायला पुढे अंगठ्याएवढी अर्धगोल खाच दिली.

अजून एक, जे कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं. आतली पिशवी उघडल्यावर लोक तिचं तोंड गुंडाळतात, आणि ती गुंडाळी खालून झाकणाला ढकलते. म्हणून गुंडाळीला वर जागा ठेवली. आणि भरायच्या आधी प्रत्येक झाकण हातानं एकदा पूर्ण मागे मोडायचं, म्हणजे बिजागरी मोकळी होते. हे काम आत्यानं स्वतःकडे घेतलं. म्हणाली, "पापड लाटण्यापेक्षा सोपं आहे."

तपासणी या वेळी मी केली नाही. आत्याला सांगितलं, "तूच कर, पीठ लागलेल्या हातानं." रात्रभर नमुना एका डब्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवायचा आणि सकाळी पन्नास वेळा उघडबंद. पहिल्या नमुन्याचा छेद एकविसाव्या वेळेला फाटत गेला. छेदाच्या टोकाला बारीक गोलाई दिली, मग थांबलं. पन्नासाव्या वेळेलाही "टक्" आलं तेव्हा आत्यानं फोन बॉक्सजवळ धरून मला ऐकवलं.

आता एक प्रामाणिक गोष्ट. आत्याला बॉक्सवर "हवाबंद" छापायचं होतं. मी नाही म्हटलं, थोडा वादही झाला. पुठ्ठ्याचं झाकण परत बंद होतं, पण हवा अडवत नाही. मेतकूट कोरडं ठेवायचं काम आतल्या पिशवीचं. हे काही आजचं नाही, 19व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत नॅशनल बिस्किट कंपनीनं युनीडा बिस्किटं बाजारात आणली तेव्हाही बाहेर पुठ्ठा आणि आत मेणकागद अशीच जोडी होती. शिवाय आपला करड्या पाठीचा डुप्लेक्स पुठ्ठा बहुतेक वेळा जुन्या कागदापासून बनतो, तो पिठाला थेट लागूच नये. म्हणून आता बॉक्सवर एवढंच लिहिलंय : "आतील पिशवी गुंडाळा, मग झाकण बंद करा." खाली छोटं चित्र.

पहिल्या लॉटचे सहाशेच्या वर बॉक्स उरले होते. मला वाटलं रद्दी. आत्या म्हणाली, "दिवाळीला चकल्या भरू. चकल्यांचा बॉक्स परत कोण बंद करतं?" बघा, एकदाच उघडायचा असेल तर माझा पहिला बॉक्सही उत्तम होता. सगळे खपले.

तर मंडळी, तुम्ही ॲप करा, बॉक्स करा नाहीतर लोणचं घाला. पहिल्यांदा उघडताना काय होतं ते सगळेच बघतात. चाळिसाव्या वेळेला, ओल्या हातानं, पावसात काय होतं ते बघायची सवय लावा. आणि समोरचा कारागीर प्रश्न विचारतो तेव्हा "करा की" म्हणायच्या आधी विचारा, "काका, त्यानं काय फरक पडेल?" मी ते विचारलं असतं तर आत्याची आरडी मोडली नसती.

ती आरडी मी परत सुरू करून दिलीये. आत्याला हा भाग पाठवणार आहे, त्यामुळे आता तिला कळेल.

तुमच्या घरात रबर लावलेले किती बॉक्स आहेत ते मोजा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.