दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईबाबांना लागतो तो बी-टू, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा. बहुधा तो बी-वन या व्यवसायाच्या कामासाठीच्या व्हिसासोबत जोडूनच मिळतो. पासपोर्टावर दहा वर्षांची मुदत दिसली, की अनेकांना वाटतं, आता हवं तितकं राहा. तसं नाही हं! ही मुदत अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची. आत किती दिवस राहायचं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि ऑनलाइन पाहता येते. या व्हिसावर नोकरी चालत नाही. पदवीच्या शिक्षणाला एफ-वन हा वेगळा व्हिसा लागतो. व्हिसाच्या मुलाखतीत अमेरिकेला जाण्याचं खरं कारण सांगा. तिथे उतरल्यावर आय-९४ची तारीख जरूर बघा, आणि तिच्या आत परता.