बालगृहातील भाजीची बाग



आपल्यापैकी काहींच्या शाळेत जवळच्या बालगृहातील मुले शिकावयास येतात. बालगृहाच्या आवारात भाजीची बाग करावयाची झाली, तर तेथील मंडळी सल्ल्यासाठी आपल्याकडेच वळतात. म्हणून या कामासंबंधी चार शब्द सांगतो.

बाग कशासाठी करावयाची, हे आधी ठरवावे. भाजीचा खर्च वाचावा हा हेतू गैर नव्हे. परंतु तो मुख्य नसावा. बालगृहातील मुलाच्या वाट्यास जे येते ते बहुधा सामाईक असते. जेवणाची वेळ, निजण्याची जागा, दिनक्रम, सारे दुसऱ्यांनी नेमून दिलेले. अशा मुलास एक लहानसा वाफा ‘माझा’ म्हणावयास मिळाला, तर त्याचे मोल बाजारभावाने करता येत नाही.

हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व आपली कामे आपण करीत. १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेने शिक्षण हे उत्पादक हातकामाभोवती गुंफावे, असा ठराव केला. मात्र हातकामातून शिकविणे वेगळे आणि मुलांना राबविणे वेगळे, हा विवेक आपणच राखावयाचा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जागा दिवसातून निदान सहा तास ऊन लागणारी, पाण्याजवळची व गुराढोरांपासून कुंपणाने राखता येईल अशी असावी. वाफा एक मीटरहून रुंद करू नये. म्हणजे मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतो व माती तुडविली जात नाही. पावसाळ्यात गादीवाफे, इतर ऋतूंत सपाट वाफे करावेत. खत पूर्ण कुजलेलेच घालावे; कच्च्या शेणखताबरोबर हुमणी व तण येते.

आरंभ वांग्या-टोमॅटोने करू नये. मुलांचा धीर लहान असतो. रात्रभर भिजविलेली मेथी तीन-चार दिवसांत उगवते व महिन्याच्या आत काढणीस येते. मुळा साधारण दीड महिन्यात तयार होतो. हे यश पदरी पडल्यावर भेंडी, गवार घ्यावी. कुंपणालगत शेवग्याची फांदी लावावी. हातपाय धुण्याच्या जागेचे सांडपाणी केळीस द्यावे, पालेभाजीस देऊ नये. किडीसाठी निंबोळी अर्क वापरावा. विषारी औषध मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

प्रत्येक मुलाने वही ठेवावी. बी केव्हा पेरले, केव्हा उगवले, भाजी किती ग्रॅम निघाली, हे त्याने स्वतः लिहावे. आपल्या वर्गातील मोजमाप व लेखन यांस याहून जिवंत साहित्य कोणते?

तीन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, बागकाम ही शिक्षा होऊ नये. ‘उशीर केलास, आता पाणी घाल’ असे एकदा म्हटले की बाग मुलाच्या मनातून उतरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. दुसरे, काम रोज अर्ध्या तासाहून अधिक नसावे, आणि तो वेळ खेळातून वा अभ्यासातून कापू नये. तिसरे, पहिली भाजी मुलांच्याच ताटात पडावी. ती पाहुण्यांना भेट म्हणून गेली, तर मूल पुन्हा परक्याच्या शेतात उभे राहते.

एखाद्याचा वाफा उन्हाळ्यात करपेल. तेव्हा रागावू नये. कारण शोधण्यास मदत करावी व नवे बी हाती द्यावे. या मुलांपैकी कित्येकांनी बरेच काही गमावलेले असते. गेलेले पीक पुन्हा पेरता येते, हा अनुभव त्यांना फार मोठा आधार देतो.

आणखी एक गोष्ट. बालगृहातील मूल वर्षाच्या मध्येच घरी परतते किंवा दुसऱ्या संस्थेत जाते. त्या वेळी आपला वाफा कोणाच्या स्वाधीन करावयाचा, हे त्यालाच ठरवू द्यावे, आणि निघताना त्याच्याच वाफ्यातील मूठभर बी पुरचुंडीत बांधून त्याच्यासोबत द्यावे. त्यासाठी प्रत्येक वाफ्यात दोन-चार झाडे बियाण्याकरिता राखावीत.

पाऊस तोंडावर आला आहे. आपल्या गावाजवळ बालगृह असेल तर या आठवड्यात तेथे जावे, जागा पाहावी आणि मुलांना विचारावे, ‘तुम्हांला काय लावावेसे वाटते?’ बागेचा आरंभ या प्रश्नापासून व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.